बी.एस्सी. केमिस्ट्री, सेक्शन कोणता?

जून-जुलैमध्ये टी.वाय.चा निकाल लागला की बोईसर स्टेशनबाहेर फायली घेतलेली मुलं दिसू लागतात. डहाणू लोकलमधून उतरायचं, तारापूर एमआयडीसीची शेअर रिक्षा पकडायची, गेटवर नाव लिहायचं. फाइलमध्ये गुणपत्रिका, सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, चार फोटो आणि एका पानाचा बायोडाटा. त्यावर सगळ्यांचं वाक्य एकच असतं : नामांकित कंपनीत केमिस्ट म्हणून काम करण्याची इच्छा.

या वाक्यातला 'नामांकित' हा शब्द उपयोगाचा नाही आणि 'केमिस्ट' फार ढोबळ आहे. औषध कंपनीच्या एकाच आवारात केमिस्ट म्हणवून घेणारी निदान सहा प्रकारची माणसं असतात आणि त्यांच्या रोजच्या कामात एकमेकांशी फारसं साम्य नसतं. पदवी सगळ्यांची तीच. तीन वर्षांनी मात्र एकाला दुसरीकडे दीडपट पगारावर बोलावणं येतं आणि दुसऱ्याचा अर्ज पहिल्या चाळणीतच गळतो. याचं कारण गेटवरच्या पाटीत नसतं, तो कोणत्या सेक्शनला बसला यात असतं. शिक्षणाला साजेशी नोकरी शोधताना कंपनीच्या नावापेक्षा सेक्शनची चौकशी आधी करावी, हे कॉलेजात कुणी सांगत नाही.

पहिली विभागणी बल्क ड्रग आणि फॉर्म्युलेशन यांची. बल्क ड्रग म्हणजे औषधाचा मूळ रसायनपदार्थ, रिॲक्टरमध्ये तयार होणारा. फॉर्म्युलेशन म्हणजे त्याची गोळी, कॅप्सूल, इंजेक्शन. तारापूर, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ हे पट्टे मुख्यतः रसायनांचे आणि बल्क ड्रगचे. गोव्यातलं वेर्णे, नाशिक, संभाजीनगरचं वाळूज-शेंद्रा इथे फॉर्म्युलेशन जास्त. फॉर्म्युलेशनच्या उत्पादनात बी.फार्म.वाल्याला झुकतं माप मिळतं आणि त्यात गैर काही नाही, त्यांनी तेच शिकलेलं असतं. बल्क ड्रगच्या प्लांटमध्ये मात्र बी.एस्सी. केमिस्ट्री घरचा माणूस. म्हणून वेर्ण्याला प्रॉडक्शनसाठी अर्ज करून गप्प बसलेल्या मुलाने त्याच कंपनीत क्यूसीला, म्हणजे तपासणी विभागाला, किंवा लोट्याला प्रॉडक्शनला अर्ज केला असता तर निदान फोन तरी आला असता.

प्रॉडक्शन केमिस्टचं काम रिॲक्टरवरचं. हजारो लिटरच्या ग्लासलाइन्ड भांड्यात कच्चा माल चार्ज करायचा, तापमान धरून ठेवायचं, नमुना क्यूसीला पाठवायचा, निकाल येईपर्यंत थांबायचं, मग सेंट्रिफ्यूज, मग ड्रायर. प्रत्येक पायरी बीएमआरमध्ये, म्हणजे बॅच मॅन्युफॅक्चरिंग रेकॉर्डमध्ये, वेळेसह लिहायची. तीन पाळ्या असतात. सॉल्व्हंटचा वास कपड्यांना, केसांना चिकटून घरी येतो. पण माणसं सांभाळायला इथे लवकर शिकायला मिळतं. ज्याला पुढे प्लांट चालवायचा आहे त्याने एसी लॅबच्या मोहात पडू नये.

बहुतेकांना हवी असते ती क्यूसी, क्वालिटी कंट्रोल. आणि फसगतही इथेच जास्त होते, कारण क्यूसी हा एक विभाग वाटला तरी आत त्याचे तुकडे आहेत : रॉ मटेरियल, पॅकिंग मटेरियल, इन-प्रोसेस, फिनिश्ड प्रॉडक्ट, स्टॅबिलिटी. फॉर्म्युलेशन कंपनीत नव्या मुलाला पुष्कळदा पॅकिंग मटेरियलला बसवतात. हातात व्हर्निअर कॅलिपर येतो. कार्टनची लांबी-रुंदी मोजा, कागदाचा तुकडा कापून वजनावरून जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) काढा, फॉइलची जाडी बघा, छपाईतला मजकूर मंजूर नमुन्याशी ताडून पाहा. काम जबाबदारीचं आहे. लेबलवर एक शून्य चुकलं तर अख्खा माल परत येतो. पण यात केमिस्ट्री नाही. दोन वर्षं हे केलेला मुलगा दुसरीकडे 'क्यूसी, दोन वर्षं अनुभव' असं लिहून जातो, समोरचा विचारतो, "एचपीएलसीवर कोणती ॲनालिसिस केली?" आणि मुलाखत तिथेच संपते, कारण मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या या यंत्राला त्याचा हात लागलेला नसतो.

म्हणून मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचं आहे का" असं म्हणतात तेव्हा पगाराआधी विचारावं : मला कोणत्या सेक्शनला घेणार, आणि सेक्शन बदलून किती महिन्यांनी मिळतो? यात उद्धटपणा नाही. बरे लॅबप्रमुख या प्रश्नाने खूश होतात. ज्याला राग येतो, त्याच्या रागातूनही उत्तर मिळतंच.

आता जाहिरात. 'क्यूसी ऑफिसर, अनुभव ० ते २ वर्षं' या ओळीतून काहीच कळत नाही. खालची बारीक ओळ वाचायची. तिथे एचपीएलसी, जीसी, डिझोल्यूशन असेल तर ती उपकरणांची जागा. टायट्रेशन, लॉस ऑन ड्राइंग, कार्ल फिशर, लिमिट टेस्ट असेल तर ती वेट लॅब, म्हणजे रसायनं वापरून हाताने तपासणी करायची जागा. 'डॉक्युमेंट रिव्ह्यू, एसओपी, चेंज कंट्रोल' असेल तर क्यूएकडे, म्हणजे क्वालिटी ॲश्युरन्सकडे, झुकलेली कागदांची जागा. यांत हलकंभारी काही नाही, मात्र पुढचे रस्ते वेगळे फुटतात. वेट लॅबमधून एचपीएलसीवर सरकता येतं, बहुतेक जण तसेच सरकतात. क्यूएतून पुढे रेग्युलेटरीकडे, म्हणजे औषधाच्या परवानग्यांच्या कामाकडे, वाट जाते. पण सुरुवातीलाच क्यूएत गेलेल्याला चार वर्षांनी उपकरणांकडे परत यायचं म्हटलं तर कुणी उभं करत नाही.

सिंथेसिसचं आर अँड डी डोक्यात असेल तर बी.एस्सी.वर थांबून चालत नाही. तिथे एम.एस्सी. ऑरगॅनिकची मागणी असते. पद्धती विकसित करणारी लॅब, जिला एडीएल म्हणतात, तिला एम.एस्सी. ॲनालिटिकल चालतं, आणि क्यूसीत एचपीएलसी मुरवलेली बी.एस्सी.ची माणसंही कधीमधी तिथे पोचतात. दोन-तीन वर्षं नोकरी करून मग एम.एस्सी. करू, असा बेत अनेकांचा असतो. पाळ्यांच्या नोकरीत तो बहुधा बेतच राहतो. एम.एस्सी. करायची तर आधीच करून घ्यावी, निदान प्रवेश परीक्षेचा एक प्रयत्न तरी निकालाच्याच वर्षी द्यावा.

मुलाखतीत फ्रेशरला काय विचारतात, यावर उगाच गूढ पसरवलेलं आहे. विचारतात ते एस.वाय.चं प्रॅक्टिकल. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल एक लिटर कसं कराल? तीव्र आम्ल साधारण ८.५ मिलि, आधी पाणी घेऊन त्यात आम्ल, मग लिटरपर्यंत. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड? ४ ग्रॅम. मग पुढचा प्रश्न येतो आणि तिथे निम्मे अडखळतात : ४ ग्रॅम नेमकं तोललं तर स्टँडर्डायझेशन कशाला? कारण कॉस्टिक, म्हणजे हेच सोडियम हायड्रॉक्साइड, हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, तोललेलं सगळं कॉस्टिक नसतं. म्हणून वाळवलेलं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट घ्यायचं, ज्याला लॅबमध्ये सगळे केएचपी म्हणतात. समजा ०.५१०६ ग्रॅम केएचपी घेतलं आणि फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग २४.८ मिलिला टिकला. ०.५१०६ भागिले (०.२०४२२ गुणिले २४.८), म्हणजे ०.१००८ नॉर्मल; ०.२०४२२ ग्रॅम हे १ नॉर्मल द्रावणाच्या एका मिलिला पुरणारं केएचपी. हा हिशोब पेन-कागदावर दोन मिनिटांत जमला पाहिजे. काही ठिकाणी ब्युरेट हातात देतात. तेव्हा शेवटचे थेंब कसे सोडता, ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिलाय का बघता की नाही, डोळा मेनिस्कसच्या पातळीत आणता का, एवढंच बघत असतात.

आणि एक गोष्ट, जिच्यात कॉलेजची सवयच आड येते. जर्नलमध्ये तीन रीडिंग घ्यायची असतात आणि ती जुळावी लागतात. २४.८, २४.९ आणि तिसरं २५.३ आलं की मुलं तिसऱ्याचं २४.८ करतात. सर्रास. सरही सही करतात. कारखान्यात या एका सवयीने नोकरी जाते, आणि एकट्याची जाऊन भागत नाही. अमेरिकेच्या एफडीएने नोंदींच्या सचोटीवर, म्हणजे डेटा इंटिग्रिटीवर, २०१८ मध्ये मार्गदर्शिका काढली, त्याच्या आधीपासून भारतीय कारखान्यांना इशारापत्रं येत होती ती पुष्कळदा अशाच गोष्टींवरून : नको तो निकाल खोडला, नमुना पुन्हा चालवला, पहिला लपवला. आपल्याकडे २८ डिसेंबर २०२३ ला शेड्यूल एमची, म्हणजे औषध कसं बनवावं याच्या सरकारी नियमांची, सुधारित आवृत्ती अधिसूचित झाली. तेव्हापासून छोट्या कंपन्यांतही नोंदींबद्दल पूर्वीपेक्षा जास्त काटेकोरपणे विचारलं जातं. त्यामुळे "रीडिंग लिहिताना चूक झाली तर काय कराल?" हा प्रश्न येतोच. उत्तर ठरलेलं आहे : एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर लॅबमध्ये असूच नये. आणि निकाल मर्यादेबाहेर गेला तर स्वतःच्या मनाने पुन्हा न करता आधी वरिष्ठांना कळवायचं, मग ओओएसची, म्हणजे मर्यादेबाहेरच्या निकालाची, चौकशी सुरू होते. हे उत्तर शांतपणे देणारा फ्रेशर साठ टक्क्यांचा असला तरी घेतात. ऐंशी टक्क्यांचा "सर, परत करून बघेन" म्हणाला की समोरचे दोघे एकमेकांकडे बघतात.

बायोडाट्यात 'एचपीएलसीचं ज्ञान' असं लिहिलेलं असतं. कॉलेजात उपकरण कपाटासारखं बंद असतं, फार तर व्हिजिटला काचेपलीकडून दाखवलेलं. मग खासगी संस्थांचे महिन्या-दोन महिन्यांचे कोर्स. यातले काही खरंच चांगले, काहींत वीस मुलांमागे एक यंत्र आणि तेही बंद पडलेलं. फी भरण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात : एका मुलाच्या हातात यंत्र किती तास येणार, आणि स्वतःच्या हाताने मोबाईल फेज, म्हणजे यंत्रातून वाहणारं द्रावण, करायला देणार का? नुसतं पीपीटीवरचं शिक्षण पहिल्या प्रश्नातच उघडं पडतं.

कारण खरं कौशल्य यंत्र चालू करण्यात नाही, त्याच्या आधी आणि नंतर आहे. बफर करायचा, पीएच लावायचा, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा, सोनिकेटरमध्ये ठेवून विरघळलेली हवा काढायची. ती राहिली तर पंपात बुडबुडा अडकतो, प्रेशर वरखाली नाचतं आणि आलेखातल्या पीकची, म्हणजे शिखराची, वेळ सरकते. नेहमीचा कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, सी-१८, २५० बाय ४.६ मिमी, ५ मायक्रॉनचा, फ्लो मिनिटाला १ मिलि. नमुन्याआधी स्टँडर्डची पाच-सहा इंजेक्शनं मारायची. पीकच्या क्षेत्रफळाचा आरएसडी (इंजेक्शनांमधला फरक) २ टक्क्यांच्या आत, टेलिंग (पीकचं शेपूट) २ च्या आत, थिऑरेटिकल प्लेट्स (कॉलमच्या क्षमतेचं माप) २००० च्या वर, अशा मर्यादा सहसा असतात आणि त्यांत बसल्याशिवाय पुढे जायचं नाही. संध्याकाळी घरी जायची घाई असते आणि घात तिथे होतो. कॉलममध्ये फॉस्फेट बफर असताना थेट ॲसिटोनायट्राइल सोडलं की क्षार तिथेच साखळतात, प्रेशर चढतं, कॉलम गेला. आधी पाणी जास्त असलेलं मिश्रण, साधारण अर्धा तास, मग हळूहळू सॉल्व्हंट. "दिवसाच्या शेवटी कॉलम कसा धुता?" या एका प्रश्नावरून हात लागलेला आणि न लागलेला, दोघे वेगळे होतात. हात लागला नसेल तर तसं सरळ लिहावं : 'एचपीएलसीची तत्त्वं अभ्यासली आहेत, टायट्रेशन व यूव्ही स्वतः केले आहे.' खोटी ओळ दहा मिनिटं टिकते.

हात लागायचा रस्ता अ‍ॅप्रेंटिसशिपचाही आहे. केंद्राच्या नॅट्स योजनेत नोंदणी ऑनलाइन होते, पश्चिम विभागाचं काम मुंबईतलं बोर्ड ऑफ अ‍ॅप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं. २०१९ च्या सुधारित नियमांत पदवीधराला किमान ₹९,००० विद्यावेतन ठरलं होतं. रक्कम तोकडी आहे, बोईसरला खोली आणि मेस यातच जाते. वर्षभर लॅबमध्ये राहायला मिळत असेल तर अॅप्रेंटिसशिप घ्यावी, पण वर्षभर नमुन्यांच्या बाटल्या धुवायला आणि लॉगबुकं झेरॉक्स करायला ठेवणाऱ्या जागाही आहेत. तिथल्या आधीच्या अ‍ॅप्रेंटिसला गाठून विचारणं हा एकच उपाय. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर अशी माणसं सापडतात.

पगाराकडे आलंच पाहिजे. ऑफर लेटरवर वर्षाला २,४०,००० सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) दिसतं आणि घरी फोन जातो की वीस हजार मिळणार. मूळ वेतन १०,००० धरू. कंपनीचा पीएफचा वाटा १,२०० सीटीसीतच मोजलेला. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे ४८१, तेही त्यातच. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, मालकाचा ३.२५ टक्के वाटाही आतच. उरतो ग्रॉस, साधारण १७,७४०. त्यातून स्वतःचा पीएफ १,२००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३४, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, आणि महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत माफ). हातात येतात १६,२०० च्या आसपास. बोनसही सीटीसीत धरला असेल तर आणखी कमी. कंपनीची बस आणि कँटीन फुकट आहे की कापून घेतात, हे विचारायला लाजू नये. खोलीचं भाडं त्यावरच ठरतं.

पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीपासून लांब. कंपन्या माणसं आणून देणाऱ्याला स्वतः पैसे देतात, उमेदवाराकडून 'रजिस्ट्रेशन' घेणारा बहुतेक वेळा कुठल्याही कंपनीचा नसतो. मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो म्हणणाऱ्यालाही नम्रपणे नाही म्हणावं, बघायला द्याव्यात, परत घ्याव्यात. बाँड असेल तर रक्कम, मुदत आणि बदल्यात कोणतं प्रशिक्षण मिळणार, हे तिन्ही कागदावर हवं. आणि पगार कंपनीच्या खात्यातून येणार की कंत्राटदाराच्या, हेही. कंत्राटदाराच्या नावाचं अनुभवपत्र पुढे वारंवार समजावून सांगत बसावं लागतं.

औषधांखेरीज दुसरी दारं नाहीत असं नाही. रंग, साबण, पाणी आणि अन्न तपासणाऱ्या एनएबीएल मान्यताप्राप्त लॅब आहेतच. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरच्या मुलांनी साखर कारखान्याची लॅब नाक मुरडून सोडू नये. रसाचा ब्रिक्स (विरघळलेले एकूण घन पदार्थ) २० आणि पोल (त्यातली साखर) १७ आला तर शुद्धता ८५, हा हिशोब रात्रीच्या पाळीत दर काही तासांनी करावा लागतो. हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो, उरलेल्या काळाचं काय ते आधी ठरवून घ्यावं. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा साखर तंत्राचा अभ्यासक्रम केला की हीच वाट मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टपर्यंत जाते. घराजवळ राहून रसायनशास्त्राची नोकरी, असं इतर ठिकाणी क्वचित जमतं.

पुन्हा औषधांकडे. पहिल्या तीन वर्षांना महत्त्व का, याचं एक उत्तर कायद्यात आहे. औषध नियम, १९४५ (आधीचे औषध व सौंदर्यप्रसाधन नियम) प्रमाणे उत्पादनावर देखरेख करणारा तज्ज्ञ फार्मसीचा पदवीधर असेल तर अठरा महिन्यांचा अनुभव पुरतो, केमिस्ट्री मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला तीन वर्षं लागतात, तीही पदवीनंतरची आणि औषध उत्पादनातली. तपासणी विभागाच्या प्रमुखाला पदवीसोबत औषध तपासणीचा अनुभव लागतो. जाहिरातींत 'एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट हवा' असं दिसतं ते या तरतुदींवरून (इथे एफडीए म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन), आणि तो शिक्का मिळालेल्या माणसाची किंमत दुसऱ्या दिवसापासून वाढते. तेव्हा अनुभवपत्रावर नुसतं 'ऑफिसर' असून भागत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या, कोणता विभाग, कोणत्या तपासण्या, हे लिहून घ्यावं. सोडताना रिलीव्हिंग लेटरबरोबर मागावं, नंतर एचआरमधला माणूस बदलतो आणि फोन उचलले जात नाहीत.

आणि सेक्शन चुकीचा मिळालाच तर? वर्ष झाल्यावर तोंडी विनंती करून काही होत नाही. लॅबमध्ये ट्रेनिंग मॅट्रिक्स नावाचा तक्ता असतो, कोण कशासाठी पात्र ते त्यात लिहिलेलं. आपल्या नावापुढची रिकामी चौकट दाखवून विचारावं, ही कधी भरायची? महिनाअखेरीस, माल पाठवण्याच्या धावपळीत विचारू नये. ऑडिट नुकतंच संपलेलं असावं. मग एक दिवस आधीच तपासलेल्या बॅचचा नमुना तुमच्या हातात देतात. तुम्ही तोलता, विरघळवता, गाळता, इंजेक्शन मारता, हिशोब लिहिता. जुन्या ॲनालिस्टचा निकाल ९९.४ टक्के आणि तुमचा ९९.१. फरक ठरलेल्या मर्यादेत बसला की वरिष्ठ पेन काढून त्या चौकटीत सही करतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या कामवाटपात पॅकिंग मटेरियलपुढे दुसऱ्याच कुणाचं तरी नाव असतं.